विश्लेषण : कोळशाच्या धुरात झाडे जगेनात, म्हणून काचेत फुलवले जंगल… कोण होते टेरेरियमचे जनक डॉ. नॅथॅनियल वॉर्ड?

काचेच्या बरणीत थोडी माती, थोडे शेवाळ, एखादे नाजूक रोप आणि वर घट्ट झाकण. टेरेरियम नावाची ही वस्तू आज गिफ्ट शॉपपासून ऑनलाइन सेलपर्यंत सगळीकडे दिसते. ऑफिसच्या टेबलावर ठेवायची, महिनोन्‌महिने पाणी घालायचे नाही, तरी आतले हिरवे ते हिरवेच. पण ही कल्पना सजावटीच्या हौसेतून आलेली नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या धुरकट वस्तीत राहणाऱ्या एका डॉक्टरला घराच्या अंगणात साधी झाडे जगवता येईनात, तेव्हा ती सुचली. त्या डॉक्टरचे नाव नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड.

चंद्रपूरच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. एका बाजूला ताडोबाचे जंगल आणि दुसऱ्या बाजूला कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, अशी या शहराची रचना आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, त्यात चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होते. दुर्गापूर किंवा घुग्घुसकडच्या घरांत अंगणातल्या तुळशीच्या पानावर बोट फिरवले की काळी रेघ उमटते. वॉर्ड यांच्या घरची स्थिती यापेक्षा वाईट होती आणि जवळपास ताडोबा नव्हता.

कोण होते डॉ. वॉर्ड?

वॉर्ड यांचा जन्म १७९१ सालचा, लंडनचा. वडील डॉक्टर. मुलाला मात्र खलाशी व्हायचे होते. वडिलांनी वाद न घालता त्याला तेराव्या वर्षी थेट जमैकाच्या जहाजावर पाठवून दिले. त्या प्रवासात समुद्राचे वेड उतरले, पण जमैकातील ताड, वेली आणि नेचे पाहून दुसरेच वेड डोक्यात शिरले. नेचे म्हणजे आपण ज्यांना फर्न म्हणतो त्या फुले न येणाऱ्या वनस्पती. आपल्याकडे ओढ्याकाठच्या ओल्या खडकांवर दिसणारा हंसराज हा त्यांपैकीच एक.

परत आल्यावर वॉर्ड यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. त्या काळी औषधे वनस्पतींपासूनच बनत, त्यामुळे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वनस्पती ओळखता येणे सक्तीचे असे. लंडनच्या चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेत हे शिक्षण मिळे. वॉर्ड तिथे रमले. पुढे वडिलांचा दवाखाना त्यांनी चालवायला घेतला. तो होता पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल भागात, वेलक्लोज स्क्वेअर येथे. शेजारी लंडनची गोदी, आजूबाजूला साखर शुद्ध करणारे कारखाने आणि प्रत्येक घरात, प्रत्येक भट्टीत जळणारा दगडी कोळसा. रुग्ण तपासण्याआधी, भल्या पहाटे शहराबाहेर जाऊन वनस्पती गोळा करायच्या आणि वेळेत दवाखान्यात हजर व्हायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता.

नेच्यांची भिंत का सुकली?

वॉर्ड यांची इच्छा साधी होती. घरामागच्या अंगणात दगड रचून एक भिंत करायची, वरून नळीने पाणी झिरपत ठेवायचे आणि त्या ओलाव्यावर नेचे आणि शेवाळे वाढवायची. त्यांनी ते करूनही पाहिले. रोपे लावली, ती मेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली. पाणी होते, सावली होती, माती चांगली होती. दोष हवेत होता.

यामागचे कारण आज नीट समजते. मोठ्या झाडांच्या पानावर मेणासारखा थर असतो. बहुतेक शेवाळांना तो नसतो आणि खरी मुळेही नसतात. ती पाणी आणि क्षार थेट हवेतून, पावसातून शोषतात. त्यामुळे कोळशाच्या धुरातील गंधकाचे वायू आणि काजळीही थेट आत जाते. आपल्या मसाल्यात पडणारे दगडफूल हेही याच कारणासाठी प्रदूषणाची खूण मानले जाते. ते शैवाल आणि बुरशी यांच्या सहवासातून बनते, आणि गंधकाचा धूर असलेल्या भागात ते सहसा टिकत नाही. वॉर्ड यांच्याकडे हवा मोजायचे यंत्र नव्हते. त्यांच्या अंगणातले नेचेच ते काम करत होते. अखेर त्यांनी प्रयत्न सोडून दिला.

बाटलीत नेमके काय घडले?

१८२९ चा उन्हाळा. वॉर्ड यांना कीटकांचाही छंद होता. एका मोठ्या पतंगाचा कोष त्यांना मिळाला. त्यातून पतंग बाहेर येताना पाहावा म्हणून त्यांनी रुंद तोंडाची काचेची बाटली घेतली, तिच्यात ओलसर पालापाचोळ्याची माती भरली, कोष त्यात पुरला आणि वर झाकण लावले.

रोज बाटली पाहता पाहता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दिवसा उष्णता वाढली की मातीतला ओलावा वाफ होऊन वर जाई, काचेवर थेंब जमत आणि ते पुन्हा खाली मातीत उतरत. बाटलीतला ओलावा कमी होतच नव्हता. पतंग बाहेर पडण्याच्या आठवडाभर आधी त्या मातीतून दोन हिरवे अंकुर वर आले. एक नेचा, एक गवत.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने ते तण म्हणून उपटले असते. वॉर्ड थबकले. जी वनस्पती अंगणात वर्षानुवर्षे जगवता आली नाही, ती त्याच धुरकट वस्तीत, मूठभर मातीत आपसूक उगवली होती. फरक एकच होता, मध्ये काच होती.

त्यांनी ती बाटली अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर ठेवली आणि तशीच राहू दिली. पाण्याचा एक थेंबही न घालता नेचा आणि गवत जवळपास चार वर्षे जगले. गवताला एकदा फुलोराही आला. शेवटी काय झाले? वॉर्ड घरी नसताना झाकण गंजले, फटीतून पावसाचे पाणी आत गेले आणि दोन्ही रोपे कुजली. दुष्काळाने जे झाले नाही ते जास्तीच्या पाण्याने झाले. टेरेरियम घेणाऱ्या बहुतेकांचा पहिला अनुभव आजही हाच असतो.

पाणी न घालता झाड जगते कसे?

बंद बरणी म्हणजे पाणलोटाचे छोटे मॉडेल. मुळे पाणी घेतात, पाने ते वाफेच्या रूपात सोडतात, काच थंड झाली की वाफेचे थेंब होतात आणि थेंब मातीत परततात. नदी, ढग, पाऊस यांचे जे चक्र शाळेत शिकवतात, तेच इथे वीतभर उंचीत चालते. हवेचेही तसेच. प्रकाशात पाने कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन सोडतात. रात्री आणि मातीतले जिवाणू पाचोळा कुजवताना उलटे होते. बाहेरून लागतो तो फक्त प्रकाश.

वॉर्ड यांचा एक मुद्दा मात्र अनेकदा विसरला जातो. त्यांची पेटी पूर्णपणे हवाबंद नव्हती आणि तशी असावी असा त्यांचा आग्रहही नव्हता. दिवसा आतली हवा तापून फुगते आणि सूक्ष्म फटींतून थोडी बाहेर जाते. रात्री थंड होऊन आकसते आणि तितकीच आत येते. हवेची ये-जा होते, पण इतकी सावकाश की काजळी बाहेरच राहते. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर हे लीकेज दोष नव्हता, डिझाइनचा भाग होता.

श्रेयाबद्दल एक नोंद आवश्यक आहे. स्कॉटलंडमधील ए. ए. मॅकोनोकी यांनी काही वर्षे आधीच असाच प्रयोग केला होता. पण त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही. वॉर्ड यांनी केला आणि पेटीला त्यांचे नाव मिळाले, वॉर्डियन केस. पेटंटमधून पैसे कमावण्याच्या फंदात ते पडले नाहीत.

लंडन ते सिडनी आणि परत : खरी परीक्षा

खिडकीतली बाटली ही एक गोष्ट झाली. वॉर्ड यांना त्याहून मोठी शक्यता दिसली. त्या काळी दूरच्या देशातून जिवंत रोप जहाजाने आणणे जवळपास अशक्य होते. खारे वारे, उन्हाळा, थंडी आणि गोड्या पाण्याचा तुटवडा. जहाजावर पाणी आधी माणसांना, मग उरले तर झाडांना. चीनच्या कँटन बंदरात काम केलेले शल्यचिकित्सक जॉन लिव्हिंगस्टोन यांनी १८१९ मध्ये हिशेब मांडला होता, की चीनहून निघालेल्या हजार रोपांपैकी एखादेच इंग्लंडला जिवंत पोहोचते.

लंडनमध्ये जॉर्ज लॉडिजेस यांची मोठी रोपवाटिका होती. त्यांच्या मदतीने वॉर्ड यांनी लाकूड आणि काचेच्या दोन पेट्या बनवल्या, त्यांत नेचे, शेवाळे आणि गवते लावली आणि १८३३ च्या जूनमध्ये कॅप्टन चार्ल्स मॅलार्ड यांच्या जहाजावरून सिडनीला पाठवल्या. पेट्या उघड्या डेकवर ठेवल्या होत्या. कित्येक महिन्यांनी मॅलार्ड यांचे पत्र आले, प्रयोग यशस्वी झाला होता.

परतीचा प्रवास अधिक कठीण होता. १८३४ च्या फेब्रुवारीत, ऑस्ट्रेलियाच्या ऐन उन्हाळ्यात, त्याच पेट्यांत तिथली रोपे भरली गेली. जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून निघाले. तिथे डेकवर बर्फ साचले. पुढे विषुववृत्ताचा उकाडा आला. आठ महिन्यांनंतर जहाज लंडनला लागले तेव्हा वॉर्ड आणि लॉडिजेस स्वतः डेकवर गेले. पेट्यांतली रोपे ताजी होती. त्यांत एक ऑस्ट्रेलियन नेचा असा होता, जो तोवर युरोपात कधीच जिवंत पोहोचला नव्हता.

लॉडिजेस यांनी लगेच शेकडो पेट्या कामाला लावल्या. आधी त्यांच्याकडे येणाऱ्या वीस रोपांपैकी एकोणीस मरत. आता वीसपैकी एकोणीस जगू लागली. १८३८ मध्ये विख्यात शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये या पेटीवर व्याख्यान दिले. १८४२ मध्ये वॉर्ड यांचे बंद काचपेट्यांतील वनस्पतींवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे रॉयल सोसायटीची फेलोशिप वगैरे मान मिळाले. १८३९ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासकांची जी संस्था लंडनमध्ये स्थापन झाली, तिची पहिली बैठकही वॉर्ड यांच्याच घरी भरली होती.

काचेतले मठाचे अवशेष आणि गरिबाची खिडकी

वॉर्ड यांचे वेलक्लोज स्क्वेअरचे घर हळूहळू काचेने भरून गेले. त्या काळातील बागकामाचे मोठे लेखक जॉन लाउडन १८३४ मध्ये ते पाहायला आले आणि त्यांनी आपल्या मासिकात त्याविषयी भरभरून लिहिले. घरातली सर्वांत प्रसिद्ध पेटी खिडकीबाहेर काढलेली होती. तिच्यात टिंटर्न ॲबे या पडक्या मठाच्या खिडकीची छोटी प्रतिकृती उभारलेली होती आणि तिच्या कमानींवर, भेगांत अनेक जातींचे नेचे वाढवलेले होते. काच, शिल्प आणि जिवंत झाड यांचा असा मेळ आज कलादालनात मांडला असता तर त्याला इन्स्टॉलेशन म्हटले असते. इथे तो एका डॉक्टरच्या खिडकीत, गोदीच्या धुराकडे तोंड करून उभा होता.

पण वॉर्ड यांना ही पेटी श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नको होती. त्यांच्या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण गरिबांच्या राहणीमानावर आहे. त्यांचे रुग्ण ज्या गल्ल्यांत राहत तिथे सूर्यप्रकाश पोहोचत नसे, झाडाचे पानही दिसत नसे. अशा माणसाला एक स्वस्त काचपेटी आणि शहराबाहेरून फुकट आणलेली चार रोपे मिळाली तर त्याच्या आयुष्यात काही फरक पडेल, असे त्यांना वाटे. प्रकाश हा त्यांच्या दृष्टीने औषधाइतकाच महत्त्वाचा होता. अंधाऱ्या खोलीत झाड जसे पिवळे पडते तसा माणूसही खंगतो, असा त्यांचा अनुभव होता.

अडचण होती करांची. ब्रिटनमध्ये तेव्हा काचेवर वजनानुसार उत्पादन शुल्क होते आणि घराला किती खिडक्या आहेत त्यावर वेगळा कर होता. म्हणजे काच महाग आणि खिडकी त्याहून महाग. कर वाचवण्यासाठी लोक खिडक्या विटांनी बुजवून टाकत. काचेवरचे शुल्क १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरचा कर १८५१ मध्ये गेला. त्याच १८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात, काचेच्या प्रचंड इमारतीत, वॉर्ड यांनी एक बंद बाटली ठेवली होती. तिच्यातल्या नेच्यांना अठरा वर्षे पाणी घातलेले नव्हते.

काच स्वस्त झाली. पेट्या मात्र गरिबाच्या खिडकीत फारशा गेल्या नाहीत, दिवाणखान्यांत गेल्या. नक्षीदार लोखंडी चौकटी, कोरीव पाय, छोट्या राजवाड्यासारखी छपरे. इंग्लंडमध्ये नेचे जमवण्याची अशी लाट आली की तिला नेच्यांचा ज्वर असे नाव पडले. लोक सुटीच्या दिवशी टोपल्या घेऊन जंगलात जात आणि मुळासकट नेचे उपटून आणत. काही दुर्मीळ जाती त्यांच्या मूळ जागांवरून जवळपास नाहीशा झाल्या. नेचे वाचवण्यासाठी बनलेल्या पेटीनेच नेच्यांचे रान रिकामे केले.

चहा, सिंकोना आणि मलेरियाचे औषध

भारतात वॉर्ड यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांची पेटी मात्र इथे लवकर पोहोचली. १८३५ नंतर जॉन गिब्सन हा तरुण माळी इंग्लंडहून अशा पेट्या घेऊन कलकत्त्याला आला आणि खासी टेकड्यांतील ऑर्किड्‌स घेऊन परत गेला. त्यानंतर उलट दिशेने, म्हणजे भारतात रोपे आणण्यासाठी, पेट्यांचा वापर सुरू झाला.

सर्वांत गाजलेले प्रकरण चहाचे. ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून यांना १८४८ मध्ये चीनला पाठवले. तिथून चहाची रोपे गुपचूप मिळवून हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचवायची होती. पहिल्या खेपेत घात झाला. अलाहाबादला कोणीतरी पेट्या उघडल्या, रोपांना पाणीही घातले आणि बहुतेक माल कुजला. पेटी बंद राहिली तरच चालते, ही साधी गोष्ट वाटेतल्या माणसाला कोणी सांगितली नव्हती. पुढच्या खेपेत फॉर्च्यून यांनी पेटीतल्या मातीतच बिया पेरल्या. प्रवासात त्या उगवल्या आणि हजारो रोपे भारतात पोहोचली.

गडचिरोलीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे झाड सिंकोना. त्याच्या सालीत क्विनाइन असते आणि दीर्घकाळ मलेरियावर तेवढेच एक खात्रीचे औषध होते. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले. १८६० मध्ये क्लेमंट्स मार्कहॅम यांनी तिथून रोपे मिळवून वॉर्डियन पेट्यांतून भारताकडे आणली. वाटेत लाल समुद्राचा उकाडा लागला आणि ती वाचली नाहीत. त्याच सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस यांनी इक्वेडोरच्या डोंगरात दुसऱ्या जातीची रोपे वाढवली. माळी रॉबर्ट क्रॉस ती पेट्यांत घालून निघाला आणि १८६१ मध्ये शेकडो रोपे निलगिरीत जिवंत उतरली. उटीच्या सरकारी बागेत त्यांची लागवड झाली, पुढे दार्जिलिंगकडेही झाली. १८९० च्या दशकात सरकारने पोस्ट ऑफिसमधून क्विनाइनच्या पुड्या एक पैशाला विकायला सुरुवात केली.

राज्यात मलेरियाचा सर्वाधिक भार सोसणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली आजही आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा भागातील पाड्यांवर पावसाळा म्हणजे तापाचा मोसम. आता उपचारांत क्विनाइनची जागा मुख्यतः आर्टेमिसिनिनवर आधारित औषधांनी घेतली आहे. तेही एका चिनी वनस्पतीतूनच सापडले. पण तोवरच्या शंभर वर्षांत भारतात तापाच्या रुग्णाला दिल्या गेलेल्या त्या कडू पुडीच्या मागे लंडनमधल्या डॉक्टरची काचपेटी होती.

केळ्याचीही एक छोटी गोष्ट आहे. इंग्लंडमधील चॅट्सवर्थच्या काचघरात वाढवलेले कॅव्हेंडिश केळे १८३० च्या दशकाच्या अखेरीस वॉर्डियन पेटीतून पॅसिफिकमधील सामोआ बेटांवर गेले आणि तिथून पसरले. जळगावहून बाजारात येणारे जी-नाइन केळे याच कॅव्हेंडिश गटातले आहे.

मग नुकसान कोणाचे झाले?

चीनची चहावरील मक्तेदारी मोडली. ब्राझीलचे रबरही असेच गेले. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी तिथून आणलेल्या बियांची लंडनच्या क्यू उद्यानात रोपे झाली आणि त्यांतली सुमारे १,९०० रोपे ३८ पेट्यांतून श्रीलंकेला रवाना झाली. आशियातील रबराचे मळे तिथून उभे राहिले. ज्या देशांतून झाडे नेली त्यांना काही मिळाले नाही. जिथे ती लावली तिथे जंगल तोडून मळे झाले आणि त्यांवर राबायला दूरवरून मजूर नेले गेले. ही पेटी साम्राज्याच्या कामी आली, असे आज अभ्यासक म्हणतात ते यामुळेच.

आणखी एक धोका पेटीच्या तळाशी होता, माती. मातीबरोबर किडे, अंडी आणि बुरशी यांचाही मोफत प्रवास होई. एका खंडातला रोग दुसऱ्या खंडात पोहोचवण्याचा तो सोपा मार्ग ठरला. विसाव्या शतकात विलगीकरणाचे नियम कडक झाले, विमाने आली, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि पेटी मागे पडली. क्यू उद्यानात तिचा शेवटचा वापर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला.

माणसासाठीही काचघर?

वॉर्ड यांच्या पुस्तकाच्या अखेरीस एक विचित्र वाटणारी कल्पना आहे. बंद काचेत झाड सुरक्षित राहत असेल तर प्राणी आणि माणूस का नाही? छातीच्या विकाराच्या रुग्णांना धुरापासून दूर, शुद्ध आणि स्थिर हवेच्या बंद जागेत ठेवून पाहावे, असे त्यांना वाटत होते. आज शहरात एअर प्युरिफायर लावून खिडक्या बंद करणारे लोक जवळपास तेच करतात.

पूर्ण प्रयोग मात्र दीडशे वर्षांनी झाला. १९९१ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनात बायोस्फिअर टू नावाच्या प्रचंड काचघरात आठ जण दोन वर्षांसाठी बंद झाले. आत शेत होते, छोटे जंगल होते, समुद्रही होता. दीड वर्षाच्या आतच हवेतला ऑक्सिजन सुमारे २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास आला आणि बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. मातीतले जिवाणू अपेक्षेपेक्षा जास्त ऑक्सिजन वापरत होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड इमारतीचे काँक्रीट शोषून घेत होते. नेच्याची गरज भागवणे सोपे आहे, माणसाची नाही.

घरी टेरेरियम करायचे असेल तर?

चंद्रपूरच्या हवामानात पहिला नियम हाच, की बरणी थेट उन्हात ठेवू नये. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा उन्हातली बंद काच म्हणजे कुकर. उत्तरेकडच्या खिडकीतला मंद उजेड पुरतो. तळाला खडे, त्यावर थोडा कोळसा, मग माती. हो, कोळसाच, पण लाकडाचा. माती ओली हवी, चिखल नको. सकाळी काचेवर हलके बाष्प दिसले आणि दुपारपर्यंत गेले तर प्रमाण बरोबर आहे. दिवसभर काच धूसर राहत असेल तर झाकण काही तास उघडे ठेवावे. निवडुंग आणि कोरफड बंद बरणीत लावू नयेत, त्यांना कोरडे लागते.

रोपे रोपवाटिकेतूनच घ्यावीत. ताडोबासारख्या संरक्षित क्षेत्रातून परवानगीशिवाय रोप किंवा शेवाळ उचलणे हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी फार उपयोग झाला नसता. ओढ्याकाठचे शेवाळ वाहत्या हवेची सवय असलेले असते, बरणीत ते अनेकदा काळे पडते.

शेवटची वर्षे

वेलक्लोज स्क्वेअरचा धूर वॉर्ड यांनी आयुष्याचा मोठा काळ सोसला. उतारवयात ते लंडनच्या दक्षिणेकडील क्लॅपहॅम या तुलनेने मोकळ्या भागात राहायला गेले. तिथे त्यांना अखेर खरी बाग मिळाली, उघड्या आकाशाखालची. त्यांच्याकडे वाळवलेल्या वनस्पतींचे सुमारे २५ हजार नमुने जमले होते. चेल्सीची ज्या बागेत ते विद्यार्थी म्हणून शिकले, तिच्या कारभारातही त्यांनी नंतर लक्ष घातले. ४ जून १८६८ रोजी समुद्रकाठच्या सेंट लिओनार्ड्‌स गावी त्यांचे निधन झाले. 

त्यांच्या हयातीतच दक्षिण आफ्रिकेतील शेवाळाच्या एका प्रजातीला वॉर्डिया हे नाव देण्यात आले होते. ते शेवाळ बरणीत वाढणारे नाही. केप प्रांतातील डोंगरांवरून जोरात उतरणाऱ्या झऱ्यांत, पाण्याखालच्या खडकांना धरून ते आजही उगवते.